गोलकीपर चेंडू अडवते, तरी गोल का होतात?

तुमचा प्रश्न मला असा समजला. 14 वर्षांखालील मुलींचा हॉकी संघ तुमच्याकडे आला आहे. आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास मिळतो. तुम्ही स्वतः हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळलेल्या आहात, पण गोलकीपिंगचा अनुभव नाही. खेळाडूंना आणि गोलकीपरला कोणती कौशल्यं यायलाच हवीत आणि ती कोणत्या क्रमाने शिकवायची, हे तुम्हाला हवं आहे. शेवटी तुम्ही एक वाक्य जोडलं आहे: "आमची गोलकीपर बरेच चेंडू अडवते, तरी गोल होतातच."

खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. कौशल्यांची यादी कुठेही मिळते: पुश, हिट, स्टॉपिंग, ड्रिबल, टॅकल, आणि गोलकीपरसाठी स्टान्स, किक, डाइव्ह. त्या यादीत खेळाडू एका बाजूला असतात आणि गोलकीपर दुसऱ्या बाजूला. सरावातही तसंच होतं. पंधरा मुली गोलवर हिट मारतात, गोलकीपर उभी राहते, चेंडू अडला की पुढची मुलगी मारते. अडलेल्या चेंडूचं पुढे काय झालं याकडे कुणी बघत नाही. सामन्यात मात्र तोच चेंडू समोरच्या फॉरवर्डच्या स्टिकवर जातो आणि गोल होतो.

मी 22 वर्षं शिकवतो आहे. त्यातली पहिली काही वर्षं मीही असाच सराव घेत होतो. एका सामन्यात आम्ही तीन गोल खाल्ले आणि तिन्ही रिबाउंडवर, म्हणजे अडून परत फिरलेल्या चेंडूवर. मध्यंतरात मी बचाव करणाऱ्या मुलींना रागावलो आणि गोलकीपरला म्हणालो, "तू छान अडवलेस." ती म्हणाली, "सर, पण अडवल्यावर मारायचा कुठे?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ते मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी खेळाडूंना आणि गोलकीपरला एकच गोष्ट आधी शिकवतो: चेंडूला पहिला स्पर्श झाल्यावर तो कुठे गेला पाहिजे. माझ्या मते बाकीची कौशल्यं याच्या आधाराने उभी राहतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यातली मैदानाची बाब सर्वांत मोठी. तुम्ही टर्फवर सराव करता की मातीवर किंवा गवतावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली आणि स्टॉपिंगची पद्धतच बदलली. टर्फवर स्टिक जमिनीवर आडवी टेकवून चेंडू अडवता येतो, रुंदी भरपूर मिळते. पण नियमाप्रमाणे स्टिक 51 मिलिमीटरच्या कड्यातून पार व्हावी लागते, म्हणजे आडवी स्टिक जमिनीपासून फार तर 5 सेंटिमीटर उंच. चेंडूचा व्यास 7 सेंटिमीटरच्या थोडा वर. सपाट जागेवर हे पुरतं. खडबडीत मैदानावर चेंडूने एक छोटी उसळी घेतली की तो स्टिकवरून निघून जातो. म्हणून मातीवर शिकणाऱ्या मुलींना मी आधी उभ्या स्टिकने, गुडघे वाकवून अडवायला शिकवतो आणि आडवी स्टिक नंतर आणतो.

आता खेळाडूंकडे येऊ. पकड तपासायला माझ्याकडे एक सोपी रीत आहे. चेंडू न घेता मुलीला स्टिक धरायला सांगा आणि स्टिक उलटसुलट फिरवायला लावा. डावा हात वर असतो आणि फिरवायचं काम तोच करतो. खालचा उजवा हात सैल असतो, त्याच्या मुठीत स्टिक नुसती फिरते. नव्या मुली उजव्या हाताने दांडा घट्ट आवळतात आणि मनगट पिळून रिव्हर्स करतात, म्हणजे स्टिक उलटी वळवतात. स्टिकच्या गोल, मागच्या बाजूने चेंडू खेळता येत नाही, त्यामुळे डाव्या हाताचं हे वळण हॉकीत प्रत्येक क्षणी लागतं. ते चुकीचं बसलं की पुढचं सगळं चुकीचं बसतं. पहिले दोन आठवडे रोज पाच मिनिटं यासाठी द्या.

मग स्टॉपिंग. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. चेंडू येताना स्टिकचा वरचा भाग किंचित पुढे झुकलेला हवा, म्हणजे चेंडू वर उडत नाही. उजवा हात नरम हवा, चेंडू लागताच स्टिक बोटभर मागे यायला हवी. एवढं बहुतेक प्रशिक्षक सांगतात. मी त्याला एक अट जोडतो: चेंडू थांबवायचा नाही, ठेवायचा. उजव्या पायाच्या पुढे, हातभर अंतरावर, जिथून पुढचा पास एका पावलात देता येईल. पायाजवळ मेलेला चेंडू उचलायला मुलीला मान खाली घालावी लागते, आणि तेवढ्या वेळात समोरची येऊन पोहोचते. शिवाय चेंडू येण्याआधी एकदा मान वळवून मागे बघायची. मी सरावात तिच्या पाठीमागे उभा राहून बोटं वर करतो. चेंडू घेण्याआधी किती बोटं होती ते तिने सांगायचं. पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, तिसऱ्या आठवड्यात निम्म्या मुली सांगतात.

पासिंगमध्ये या वयात पुश पहिला, मग स्लॅप (अर्ध्या स्विंगचा फटका), आणि पूर्ण हिट सर्वांत शेवटी. पालकांना आणि मुलींनाही मोठी हिट आवडते, पण पुशला मागे स्विंग लागत नाही, त्यामुळे समोरच्याला दिशा आधी कळत नाही. दुसरं म्हणजे पुश नीट करायला वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर न्यावंच लागतं, आणि ही सवय हिटलाही उपयोगी पडते. हिट शिकवाल तेव्हा दोन्ही हात वर एकत्र, चेंडू डाव्या पायाच्या रेषेत, आणि आजूबाजूला किमान दोन स्टिकचं अंतर मोकळं.

ड्रिबल आणि डॉज यावर तुम्ही बराच वेळ द्याल अशी मला भीती वाटते, कारण हाफला खेळलेल्या प्रशिक्षकांना ते मनापासून आवडतं. या वयात दोनच गोष्टी पुरेत: चेंडू उजवीकडून डावीकडे खेचणं आणि वेग बदलणं. पण खेचायचा केव्हा, हे नीट शिकवा. समोरचीच्या स्टिकच्या टप्प्यात शिरल्यावर खेचला तर उशीर झालेला असतो. टप्प्याच्या एक पाऊल आधी खेचायला हवा. चेंडू हवेत उचलून पुढे नेण्याची कला मोहक आहे, पण पाच मीटरच्या आत असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर चेंडू उचलणं धोकादायक मानलं जातं, आणि लहान मुलींना हे अंतर कळत नाही. ती कला दोन वर्षांनी आणा. ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावणं, हेही तसंच. त्यात कंबरेवर पीळ पडतो. वाढत्या वयात शेकडो वेळा तो करून घ्यायला मी तयार नाही.

टॅकलबद्दल एकच महत्त्वाचं सांगतो. मुली स्टिक आधी टाकतात आणि पाय मागे राहतात. आधी पाय, मग स्टिक. समोरच्या खेळाडूला आपल्या उजव्या बाजूला जायला लावायचं, म्हणजे ती तिच्या डावीकडे, रिव्हर्सच्या बाजूला जाते आणि आपली स्टिक मात्र सरळ बाजूने तयार असते. शक्य असेल तिथे साइड लाइनकडे ढकलायचं. चेंडू काढून घेता आला नाही तरी ती डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, मधोमध पोहोचली नाही, एवढं जमलं तरी गोलकीपरचं अर्धं काम झालं.

आता गोलकीपर. तुम्हाला अनुभव नाही म्हणून हा भाग विस्ताराने लिहितो.

उभं राहण्यापासून सुरुवात करा. पाय खांद्याइतके रुंद, वजन टाचांवर नाही तर पुढच्या चवड्यांवर, गुडघे वाकलेले, डोकं पायाच्या बोटांच्या थोडं पुढे, दोन्ही हात शरीरापुढे आणि दिसतील असे. हात कंबरेमागे गेले तर ते चेंडूपर्यंत उशिरा पोहोचतात. आणि शॉट सुटण्याच्या क्षणी पाय जमिनीवर स्थिर हवेत. चालता चालता शॉट आला तर उलट्या दिशेला जाताच येत नाही. सरकताना पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत, छोटी पावलं घ्यायची.

मग कोन. गोल 3.66 मीटर रुंद आहे. डीच्या टोकावरून, म्हणजे 14.63 मीटरवरून सरळ समोरून शॉट येतो असं धरा. गोलकीपर रेषेवर उभी असेल तर तिला पूर्ण 3.66 मीटर झाकायचे आहेत. ती तीन मीटर पुढे आली तर तिच्या जागेवर तेच अंतर साधारण 2.9 मीटर होतं. पाऊण मीटर वाचला. पण पुढे येण्याची किंमतही आहे. ताशी 100 किलोमीटरच्या शॉटला रेषेपर्यंत यायला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त लागतं, तीन मीटर पुढे उभी असेल तर सुमारे 0.42 सेकंद. म्हणून किती पुढे यायचं याचं एकच उत्तर नाही. तुमच्या मुलीची उंची, तिची चपळाई आणि समोरचीचा फटका यावर ते ठरतं. 14 वर्षांखालील हिट एवढी वेगवान नसते, त्यामुळे या वयात मी गोलकीपरला थोडं जास्त पुढे आणतो. पण मागच्या खांबाजवळ एखादी फॉरवर्ड मोकळी उभी असेल तर नाही, कारण मग शॉटऐवजी पास जातो आणि गोल रिकामा राहतो.

हे सगळं सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. एक लांब दोरी घ्या. तिची दोन टोकं दोन खांबांना बांधा आणि मधला भाग चेंडूपर्यंत ओढा. त्रिकोण तयार होतो. गोलकीपरने त्या त्रिकोणात पुढेमागे चालून बघायचं: इथे दोन्ही बाजूंच्या दोऱ्या हाताला लागतात, तिथे लागत नाहीत. चेंडू डावीकडे न्या, दोरी सरकवा, पुन्हा करा. मला वीस मिनिटांच्या भाषणातून जे सांगता आलं नाही ते मुलींना या दोरीने पाच मिनिटांत कळलं आहे.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, चेंडू अडल्यानंतरची दिशा. पॅड मऊ आणि जाड असले तरी चेंडू त्यांवरून परत फिरतो. गोलकीपर पाय सरळ शॉटसमोर धरते तेव्हा चेंडू जिथून आला तिथेच, डीच्या मधोमध जातो. पाय थोडा वळवून धरला, गुडघा चेंडूवर आणला आणि किकरची (बुटावरच्या पॅडची) आतली बाजू लावली की तोच चेंडू बाजूला जातो. उजव्या हाताला आलेला उजवीकडे, डाव्या हाताला आलेला डावीकडे, आणि सरळ अंगावर आलेला त्या क्षणी जिकडे आपली खेळाडू आहे तिकडे. सुरुवातीला किक मारण्याचा आग्रहही धरू नका. नुसता पाय वळवून चेंडूची वाट बदलणं आधी शिकवा.

इथे एक नियम बहुतेक मुलींना माहीत नसतो. फील्डवरच्या बचाव करणाऱ्या खेळाडूने चेंडू मुद्दाम स्वतःच्या बॅक लाइनबाहेर (गोल ज्या रेषेवर असतो तिच्याबाहेर) घालवला तर समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बॅक लाइनवरून चेंडू आत देऊन गोल करण्याची संधी, मिळते. गोलकीपरने अडवताना चेंडू बॅक लाइनबाहेर वळवला तर मिळत नाही, खेळ 23 मीटर रेषेवरून पुन्हा सुरू होतो. म्हणजे घाईच्या क्षणी तिच्यासाठी बॅक लाइन ही सुरक्षित जागा आहे. हे कळलं की मुलीचा चेहरा बदलतो, तिच्यावरचं अर्धं ओझं उतरतं. हाताने वळवतानाही तळवा तिरका धरायचा, चेंडूला फटका मारायचा नाही. आणि चेंडू डीबाहेर असला की फक्त स्टिक, पाय आणि हात विसरायचे.

जमिनीवर झोपून केलेलं टॅकल दिसायला रुबाबदार असतं. मी ते शेवटी शिकवतो. एकदा खाली गेली की ती काही क्षण खेळातून बाद असते, आणि समोरची शांत असेल तर चेंडू बाजूने काढून नेते. एकास एक झाल्यावर उभं राहून वाट बघणं जास्त कठीण आहे आणि जास्त उपयोगी. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमधल्या महिलांच्या अंतिम सामन्यात 3-3 बरोबरीनंतर शूटआउट झालं, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरविरुद्ध गोल करण्याचा प्रयत्न. ब्रिटनची गोलकीपर मॅडी हिंचने नेदरलँड्सचे चारही प्रयत्न फोल ठरवले. शूटआउटमध्ये खेळाडूकडे फक्त आठ सेकंद असतात. गोलकीपर जेवढी उभी राहून तिला बाजूला नेते, तेवढी घड्याळाची मदत मिळते. तुमच्या मुलींना त्या लढतीचं चित्रण दाखवा आणि फक्त हिंचच्या पायांकडे बघायला सांगा.

आवाज हेही कौशल्यच आहे. संपूर्ण मैदान समोर दिसणारी खेळाडू एकटी गोलकीपरच असते. लांब वाक्यं नकोत. मी चार शब्द ठरवून देतो: "डावी", "उजवी", "माझा", "सोड". शॉट यायच्या आधी बोलायचं, नंतर नाही. लाजाळू मुलीला हे सर्वांत अवघड जातं, तिला वेळ द्या. पेनल्टी कॉर्नरला याची खरी परीक्षा होते, कारण बॅक लाइनमागे गोलकीपर धरून पाचच जणी असतात आणि कोण धावणार, कोण खांबावर राहणार हे तिनेच ठरवून सांगायचं असतं. टोकियो ऑलिम्पिकच्या उपउपांत्य फेरीत भारताच्या महिलांनी ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाला एकाही पेनल्टी कॉर्नरवर गोल करता आला नाही. भारताची गोलकीपर सविता पुनियाचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण ते चित्रण पुन्हा बघाल तेव्हा तिच्यापुढे धावणाऱ्या मुलींकडेही बघा.

आता हे दोन्ही एकत्र कसं आणायचं ते सांगतो. तुमच्याकडे वेळ कमी आहे, त्यामुळे एकच सराव निवडायचा झाला तर हा निवडा. डीमध्ये तीन फॉरवर्ड, दोन बचाव करणाऱ्या आणि गोलकीपर. शॉट झाला म्हणून शिट्टी वाजवायची नाही. चेंडू डीबाहेर जाईपर्यंत किंवा गोल होईपर्यंत खेळ चालू. गोलला फॉरवर्डना एक गुण. पहिला रिबाउंड बाजूने डीबाहेर गेला तर बचावाला एक गुण. रिबाउंडवर गोल झाला तर फॉरवर्डना दोन. आठवड्याभरात दिसेल की फॉरवर्ड शॉटनंतर थांबायच्या बंद झाल्या, बचाव करणाऱ्या चेंडूकडे बघत उभ्या राहण्याऐवजी मुलींना अडवायला लागल्या, आणि गोलकीपर अडवण्याआधीच दिशा शोधायला लागली.

पंधरा जणींनी ओळीने शॉट मारण्याचा सराव मात्र बंद करा. त्यात गोलकीपरला उठून उभं राहायलाही वेळ मिळत नाही आणि तिला घाईने अर्धवट अडवण्याची सवय लागते. एका वेळी पाच-सहा चेंडू, प्रत्येकानंतर ती पुन्हा तयार झाली की मगच पुढचा, आणि मग विश्रांती. सरावाची पहिली पंधरा मिनिटं तिला पॅडशिवाय, स्टिक घेऊन बाकीच्यांबरोबर पासिंग करू द्या. तिचा स्टिकचा हात सुधारतो, आणि ती संघापासून वेगळी पडत नाही.

सुरक्षेबाबत तडजोड नको. हेल्मेट डोक्यावर हलता कामा नये, गळ्याचं संरक्षण आणि चेस्ट गार्ड असलेच पाहिजेत, पॅड डाव्या-उजव्या पायाचे बरोबर बांधलेले हवेत. मोठ्या मापाचे पॅड लहान मुलीला घातले तर ती पाय ओढत चालते आणि मग तिला संथ म्हटलं जातं. पूर्ण साहित्य नसेल त्या दिवशी तिच्यावर शॉट मारू नका, दोरीचा सराव घ्या. ती चेंडूला घाबरत असेल तर पहिले काही दिवस टेनिसचा चेंडू वापरा आणि तो हाताने टाका, स्टिकने नाही. भीती वेगाची असते तशीच अनोळखीपणाचीही असते. अनोळखीपणा गेला की वेग हळूहळू वाढवता येतो.

एक वही ठेवा. सामन्यात किती चेंडू अडवले हे लिहू नका. प्रत्येक अडवलेला चेंडू पुढे कुठे गेला ते लिहा: मधे, बाजूला, की बॅक लाइनबाहेर. दुसऱ्या पानावर हाफला खेळणाऱ्या प्रत्येकीचे पहिले स्पर्श तसेच लिहा: पुढे गेला, पायात अडकला, की गमावला. एखाद्या बदली खेळाडूला हे काम दिलं तर तीही खेळ वेगळ्या नजरेने बघायला शिकते. सहा आठवड्यांनी त्या वहीत काय दिसतं ते मला कळवा. पेनल्टी कॉर्नरच्या बचावात कुणाला कुठे उभं करायचं, हे ती नोंद समोर असेल तेव्हा मला जास्त नीट सांगता येईल.